चिखली रोडवरची कॅसेट

रविवारी दुपारी गॅरेजचं पत्र्याचं दार अर्धं लोटलेलं असायचं. छताच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं होती. त्यांतून उन्हाचे लहान गोल तुकडे खाली पडायचे आणि दुपारभर हळूहळू सरकत राहायचे. एखादा गिटारवर यायचा, तिथून ढोलावर, मग उघड्या पडलेल्या इंजिनावर. ते दिवस आठवायला बसलो की मला आधी ते तुकडेच दिसतात. आवाज मागून येतो, खूप लांबून आल्यासारखा, आणि मग एकदम जवळ.

मी तेव्हा कॉलेजात होतो, अजूनही आहे. बीबी गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे बुलढाण्याला जाऊन नेमकं काय काय करायचं असतं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. अभ्यास करायचा असतो एवढं माहीत होतं. ग्रीसच्या डब्यावर बसून गाण्यांचे शब्द लिहायचे असतात, असं कुणी म्हटलं असतं तर मी मान खाली घालून हसलो असतो.

आम्ही चौघं होतो, सगळे एकाच वर्गातले. चिखली रोडवरचं ते ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आमच्यातल्या ढोलवाल्याच्या मामांचं होतं. मामा रविवारी शेतावर जायचे आणि किल्ली भाच्याकडे ठेवायचे. ढोलवाल्याकडे गणपतीच्या मेळ्यातला एक जुना ढोल होता, बाकी सगळं गॅरेजचंच. तेलाचे रिकामे पिंप, दोन डबे, आणि झांजेच्या जागी टांगलेलं ट्रकचं एक मडगार्ड. गिटारवाला कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. त्याची गिटार अकोल्याच्या आतेभावाकडून आली होती. तिची एक तार तुटलेली होती, तिथे त्यानं क्लच वायरचा एक पदर सोलून लावला होता. बाकी तारा बोलायच्या आणि ती तार गुरगुरायची. लग्नात लाऊडस्पीकर लावणाऱ्या एकानं टाकून दिलेला अॅम्प्लिफायर आणि भोंगा आम्हाला मिळाला होता. तो ट्रकच्या बॅटरीवर चालायचा. त्यातून आवाज निघताना फाटायचा, कापड टराटरा फाटावं तसा. पहिल्यांदा आम्ही दचकलो. पुढं तसा फाटला नाही तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायला लागलं.

चौथा गाणारा. तो नांदुऱ्याचा. त्याच्या मोठ्या भावाचं तिथे धान्याचं दुकान होतं आणि शेवटची परीक्षा झाली की त्यानं दुकानात बसायचं हे घरी ठरून गेलेलं होतं. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. तो म्हणायचा की आई चांगलं म्हणते, तुम्ही चांगलं म्हणता, पण तुम्ही मला ओळखता. दुकानात बसायच्या आधी, आपल्याला अजिबात न ओळखणाऱ्या एखाद्या माणसानं एकदा ऐकलं पाहिजे. मग आपण गातो की नुसते ओरडतो हे कळेल, आणि काहीही कळलं तरी चालेल. हे तो इतक्या शांतपणे सांगायचा की चेष्टा करावीशी वाटायची नाही. ढोलवाला तरीही करायचा.

आमचं मुख्य गाणं यष्टीचं होतं. ते मी लिहिलं होतं. फाट्यावर माणूस हात करतो, गाडी थांबत नाही, आणि माणूस धुळीत उभा राहून विचारतो, एवढंच. बीबीकडे आम्ही ‘का’ला ‘कामून’ म्हणतो, म्हणून मी ‘यष्टी थांबत नाही कामून’ असं लिहिलं. गाणाऱ्यानं ते म्हणून पाहिलं आणि थांबला. ‘म’ला ओठ मिटतात, म्हणाला, मिटलेल्या तोंडानं कसं ओरडू. त्यानं आपलं नांदुऱ्याचं ‘काऊन’ घातलं. ‘काऊन बे, काऊन’ असं तो म्हणायला लागला की शेवटचा ‘ऊ’ पत्र्याला जाऊन लागायचा आणि छतावरचे पारवे उडायचे.

त्या हिवाळ्यात मुंबईहून बदली होऊन आलेले बँकेतले एक साहेब स्कूटर ढकलत गॅरेजवर आले. मामा नव्हते. ढोलवाल्यानं सांगितलं, बसा, मी करून देतो, पण हे गाणं होऊन जाऊ द्या. साहेब टायरवर बसले. तरुणच होते, चष्मा लावायचे. पुढच्या रविवारी ते स्कूटरचं काही काम नसताना आले आणि येताना टेपरेकॉर्डर घेऊन आले. त्यांच्या विलायतेतल्या भावानं तो पाठवला होता. त्यांनी यष्टीचं गाणं भरून घेतलं आणि आम्हालाच परत ऐकवलं.

आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू येतो तेव्हा कसं वाटतं, हे मला नीट सांगता येणार नाही. मी काही गायलो नव्हतो, तरी माझे शब्द त्या लहान पेटीतून येत होते. मला वाटलं हे फार पूर्वी कधीतरी झालेलं आहे आणि आपण ते आत्ता नुसतं ऐकतो आहोत. उन्हाचा एक तुकडा टेपच्या फिरणाऱ्या चाकावर आला होता.

साहेबांनी टेप बंद केला, स्कूटरला किक मारली आणि हसत म्हणाले, “एकदम पंक आहे रे तुमचं हे.” पुढं ते आणखीही काही बोलले, पण स्कूटरच्या आवाजात ते गेलं. ते हात हलवून निघूनही गेले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गाणाऱ्याला शाळेत संस्कृत होतं.

“पंक म्हंजे चिखल बे,” तो म्हणाला.

गिटारवाल्यानं विचारलं की कशावरून. गाणारा म्हणाला, पंकज म्हणजे कमळ, चिखलात जन्मलेलं. त्यातलं कमळ काढून टाकलं तर काय उरते ते तूच सांग.

“चिखली रोडवर बसून राह्यलो आपण,” ढोलवाला म्हणाला. “चिखल नाई म्हणीन त काय म्हणीन तो मानूस.”

आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या वाचनालयात जाऊन शब्दकोश काढला. मला वाटलं होतं की एखादा बरा अर्थ निघेल. चिखल, गाळ, असं होतं. त्यापुढे आणखी एक अर्थ होता, पाप. तो मी त्यांना सांगितला नाही.

साहेब हसून म्हणाले होते, म्हणून गिटारवाल्याला ती थट्टा वाटली. गाणाऱ्याला थट्टाही वाटली नाही आणि रागही आला नाही. त्याला तो निकाल वाटला. ओळखत नसलेल्या माणसानं एकदा ऐकावं असं त्याला वाटत होतं, तर एकानं ऐकलं होतं आणि काय ते सांगितलं होतं. पुढचे कितीतरी रविवार तो आला, गायला, पण गाताना डबक्याच्या कडेनं चालावं तसा जपून चालला. पारवे छतावर बसून राहिले.

उन्हाळा लागला आणि साहेबांची परत मुंबईला बदली झाली. ते निरोप घ्यायला गॅरेजवर आले. एक कोरी कॅसेट आणि तो टेपरेकॉर्डर आमच्याकडे देऊन म्हणाले की जायला अजून थोडे दिवस आहेत, तुमची सगळी गाणी एकदा नीट भरा, मी मुंबईला नेतो, माझे मित्र बसतात तिथे ऐकवतो.

ते गेल्यावर गाणारा म्हणाला, “नीट म्हणले साहेब. आयकलं ना. नीट.”

मग आम्ही चिखल धुवायला घेतला. दुसरा शब्द मला सुचत नाही. भोंगा काढून भिंतीकडे तोंड करून ठेवला. गिटारवाल्यानं क्लच वायर काढली आणि कुणाकडून तरी खरी तार मिळवून लावली. ढोलावर गोणपाट टाकलं, मडगार्ड खाली उतरवलं. माझ्याकडे शब्द आले. मी प्राध्यापकांच्या तोंडी असते तशी भाषा आठवून आठवून ‘यष्टी’ची ‘गाडी’ केली आणि ‘काऊन बे काऊन’च्या जागी ‘का बरे हो, का बरे’ घातलं. ते लिहिताना मला खरंच बरं वाटलं होतं. आपण शिकतो आहोत त्याचा इथे काहीतरी उपयोग होतो आहे, असं.

पहिली बाजू भरली. परत लावली आणि आम्ही ऐकत बसलो. गाडी थांबत नव्हती, आणि माणूस फाट्यावर उभा राहून तिला इतक्या अदबीनं विचारत होता की तिनं थांबावं तरी कशाला. सरकीवर आमचं एक गाणं होतं, त्यात गाणारा प्रत्येक ओळीआधी श्वास घेताना ऐकू येत होता. एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं ते कळत नव्हतं. पण त्यात धुक्याचं गाणं होतं. बुलढाण्याला थंडीत सकाळी धुकं येतं तेव्हा घाटाकडचा रस्ता मध्येच संपल्यासारखा दिसतो आणि त्यातून बैलांच्या गळ्यातल्या घंटा येतात, बैल दिसत नाहीत, त्यावर मी लिहिलं होतं. भोंग्यातून ते नेहमी चिरडलं जायचं. इथे गिटारवाल्याच्या नव्या तारेवर ते अलगद चाललं होतं आणि गाणाऱ्याचं जपून गाणं त्यात मिसळून गेलं होतं. ते संपलं तेव्हा मला गॅरेजमध्ये गार वाटलं, बाहेर एवढं ऊन असताना.

बाकी सगळं पाणचट झालं होतं. गाणारा उताणा पडून छताकडे बघत होता.

ढोलवाल्यानं कॅसेट उलटी केली. “हे बाजू रिकामीच हाय अजून.”

गिटारवाला म्हणाला, गाणी संपली आपली.

“मंग तेच वाजवू. आपल्या मनानं. दुसरी बाजू कोन लावते बे? साहेबाच्या दोस्ताईले येळ हाय काय तेवढा?”

हे आम्हाला एकदम पटलं. दुसरी बाजू कुणी ऐकत नाही, तेव्हा ती आपली. गोणपाट निघालं. मडगार्ड वर गेलं. क्लच वायर परत आली. कुणाच्या तरी दुरुस्तीला आलेल्या ट्रकची बॅटरी ढोलवाल्यानं जोडली आणि भोंगा आमच्याकडे तोंड करून ठेवला. गाणारा उठून उभा राहिला.

त्या बाजूवर सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. सरकीचं गाणं चुकीच्या सुरात लागलं आणि कुणीच थांबलं नाही. परीक्षेवरचं एक गाणं होतं, ते फार लांबलं, कारण कसं संपवायचं ते ठरलेलं नव्हतं. पण यष्टीचं गाणं लागलं आणि पत्रे थरथरायला लागले. मी टेपच्या बटनांपाशी बसलो होतो आणि माझ्या पायाखालची जमीन मला मऊ वाटत होती. गाण्याच्या मधेच शेतावरून मामा आले. त्यांचाही आवाज कॅसेटवर आहे. “अबे ब्याटरी उतरवली ना रे गिऱ्हाइकाची,” असं ते दारातून ओरडले, आणि ते नेमकं ठेक्यात पडलं. गाणाऱ्यानं त्यांच्याकडे बघत पुढचं ‘काऊन’ घेतलं, जणू त्यांनाच विचारत होता. मामांना हसू आलं. मग त्यांनी बॅटरी काढून घेतली आणि गाणं तिथेच तुटलं.

साहेबांचं सामान भरलेला ट्रक निघायच्या दिवशी हवा भरायला गॅरेजसमोर थांबला. ड्रायव्हर नगरकडचा होता, पहिल्यांदाच या बाजूला आलेला. तो खाली उतरून एकेक टायर बघायला लागला. साहेब त्याच्याबरोबरच आले होते, आणि आम्ही चौघंही तिथे होतो. गाणाऱ्यानं टेप आणि कॅसेट साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी तिथेच, बाकड्यावर टेप ठेवून, पहिली बाजू लावली.

ते सगळं लक्ष देऊन ऐकत होते. धुक्याच्या गाण्याला त्यांनी मान हलवली. बाकीच्याला म्हणाले, चांगलं आहे, स्वच्छ आहे. ‘स्वच्छ’ म्हणताना ते थोडे थांबले. मग कॅसेट उलटी करायला हात घातला.

गाणारा घाईनं म्हणाला की तिकडे काही नाही, साहेब. पण त्यांनी लावली होती. ते ऐकता ऐकता बाकड्याच्या कडेला येऊन बसले, मग त्यांचा पाय हलायला लागला, मग मामांची ब्याटरी आली आणि ते चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

“अरे, मग पहिल्या बाजूला काय झालं होतं तुम्हाला? आजारी होतात का?”

गाणारा म्हणाला, “तुमीच म्हणले होते ना साहेब. चिखल म्हनून.”

साहेबांना काही कळेना. कधी म्हटलं, ते विचारत राहिले. मग मी अडखळत सगळं सांगितलं, स्कूटरची किक, पंक, पंकज आणि शब्दकोशातला गाळ. साहेब हसले नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला. तो इंग्रजी शब्द आहे, म्हणाले. तिकडे विलायतेत पोरं अशीच गॅरेजमध्ये जमतात, अशीच मोडकी वाद्यं घेऊन, आणि जोरात वाजवतात. माझ्या भावानं त्यांची एक कॅसेट पाठवली होती, त्याला तसं म्हणतात. मी तुम्हाला नावाजत होतो रे.

गिटारवाल्यानं विचारलं की मग त्याचा इंग्रजीत अर्थ काय.

साहेब जरा घुटमळले. “अर्थ म्हणजे... वाया गेलेला पोरगा. उडाणटप्पू.”

“मंग चिखलच बरा होता,” ढोलवाला म्हणाला.

या वेळी सगळे हसले, गाणारा सोडून. तो टेपजवळ आला आणि साहेबांना म्हणाला की पहिली बाजू पुसून टाका. तुम्ही मुंबईला लावाल तेव्हा लोक पहिलीच बाजू आधी ऐकतील आणि उठून जातील. गिटारवाला मध्ये पडला, धुक्याचं पुसायचं नाही म्हणाला. त्यावर गाणारा म्हणाला की एका गाण्यासाठी बाकीची पापं कशाला न्यायची. मी दचकलो, शब्दकोशातला दुसरा अर्थ मी त्याला सांगितला नव्हता. साहेब दोघांकडे बघत राहिले. पुसायचं असेल तर आत्ताच पुसायला लागेल, म्हणाले, टायर झाले की निघायचं आहे. गाणाऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच्याकडे ही एकच कॅसेट होती आणि न ओळखणारी माणसं सगळी मुंबईला होती.

तेवढ्यात ट्रकच्या मागून ड्रायव्हर पाना हातात घेऊन आला. त्यानं साहेबांना विचारलं, “ओ साहेब, ते मघाचं यष्टीचं पुन्हा लावता का? मी खाली होतो, अर्धंच ऐकू आलं.”

साहेबांनी टेप मागे घेतला आणि लावला. ड्रायव्हर पाना घेऊन तसाच उभा राहिला. ‘काऊन’ आलं तेव्हा तो हसला, आमच्या बोलीला बाहेरचे लोक हसतात तसा. काऊन म्हणजे काय, त्यानं मला विचारलं. का म्हणून, असं मी सांगितलं. मग तसं सरळ म्हणायचं ना, तो म्हणाला. पण पुढच्या कडव्याला तो हसला नाही. पान्यानं मांडीवर ठेका धरून ऐकत राहिला. गाणारा त्याच्या शेजारीच उभा होता, हाताच्या अंतरावर. मी त्याच्याकडे बघत होतो. तो टेपकडे बघतच नव्हता. तो त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होता, नदीच्या पलीकडे कुणीतरी उभं आहे आणि ते नीट दिसत नाही, तसा.

गाणं तुटलं. ड्रायव्हरनं थोडा वेळ पुढं काही येतं का म्हणून वाट पाहिली.

“हा कोण बाबा आहे?” तो म्हणाला. “याची गाडी खरंच चुकलेली दिसते. लय लागलंय याला.”

ढोलवाल्यानं सांगायला तोंड उघडलं. गाणाऱ्यानं त्याचा हात धरला, आणि इतका घट्ट धरला की ढोलवाल्यानं तोंड मिटून घेतलं. “असंन कोनी,” गाणारा म्हणाला. ड्रायव्हर मान हलवत वर चढला.

साहेबांनी गाणाऱ्याला विचारलं की पुसायचं का. तो म्हणाला, राहू द्या आता, दोन्ही राहू द्या. ट्रक चिखलीच्या दिशेनं निघाला. वळणापर्यंत आम्ही बघत होतो. धूळ खाली बसायला फार वेळ लागला आणि त्या धुळीतून रस्त्यापलीकडची कडुलिंबाची झाडं हळूहळू परत दिसायला लागली.

संध्याकाळी गाणारा नांदुऱ्याला जायला निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर स्टँडवर गेलो. गाडी लागली, त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभा राहून विचारलं की तो आवाज तुझा आहे हे तू ड्रायव्हरला सांगितलं का नाहीस, तो तुझ्या एवढ्या जवळ उभा होता. त्यानं खिडकीच्या गजावर हनुवटी टेकवली आणि थोडा विचार केला.

“सांगितलं असतं,” तो म्हणाला, “त चांगलं हाय म्हटलं असतं त्यानं.”